जीन्समध्ये मेरिट शोधणाऱ्यांनी आतड्याची एक पेशी पाहावी

गेल्या महिन्यात आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एक मुलगा गप्प बसून होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एरवी सगळ्यात जास्त तोच बोलतो. वर्ग संपल्यावर चपला घालताना त्याने हळूच विचारले, "दादा, बुद्धी जीन्समध्येच असते असं सायन्स खरंच म्हणतं का?"

त्याच्या होस्टेलवर वाद झाला होता. समोरचा मुलगा म्हणाला होता की आरक्षणाने सीट मिळेल, जीन्स कुठून आणणार? आणि वर हेही, की हे माझे मत नाही, हे सायन्स आहे. आमचा मुलगा संविधानावर, पुणे करारावर, मंडल आयोगावर तासभर बोलू शकतो. 'सायन्स आहे' म्हटल्यावर मात्र त्याची बोलती बंद झाली.

आम्हाला त्या समोरच्या मुलाचा फारसा राग आला नाही. तो घरात आणि मोबाईलवर ऐकलेले बोलत होता. राग आमचाच आला. कारण आम्ही तिघांनी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सहा-सात महिने नेमके याच प्रश्नाच्या शेजारी बसून काढले होते, आणि इतक्या वर्षांत ते कधी कोणाला सांगितले नव्हते. आज आमच्यापैकी एक ज्युनिअर कॉलेजात शिकवते, एक औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे आणि एक पूर्णवेळ चळवळीत. तिघांच्याही घरात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणारी आमची पहिली पिढी. चळवळीत इतिहास आणि कायदा आम्ही बरोबर आणला, प्रयोगशाळा मात्र मागे सोडून आलो. ही चूक आमची.

तर मित्रांनो, प्रकरण असे आहे.

तुमच्या डोळ्यातली पेशी, यकृतातली पेशी आणि आतड्यातली पेशी यांच्यात डीएनए जवळजवळ तोच असतो. कपाटात ग्रंथसंच एकच. तरी आतड्याची पेशी साखर पचवणारे विकर बनवते आणि डोळ्याची पेशी ते बनवत नाही. म्हणजे फरक ग्रंथांत नाही, कोणता ग्रंथ उघडला जातो आणि कोणता धूळ खात पडतो यात आहे. यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. आता प्रश्न असा, की उघडायचे कोणते हे ठरवते कोण?

पूर्वीचे सोपे उत्तर होते, 'केंद्रक ठरवते'. केंद्रक म्हणजे राजा, बाकी सगळे हुकमाचे ताबेदार. (ही मांडणी कोणाला इतकी का आवडते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.) १९८२ साली मिना बिसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळा विचार मांडला. पेशी ज्या प्रथिनांच्या जाळीवर बसलेली असते, ती जाळी म्हणजे नुसती सतरंजी नाही. जाळीकडून केंद्रकाला निरोप जातो, कोणती जनुके चालू राहतील हे त्यावर ठरते, आणि पेशी उलट ती जाळीही बदलते. स्तनातील दूध बनवणारी पेशी सपाट प्लास्टिकवर ठेवली तर ती दुधाची प्रथिने बनवायचे विसरते. तीच पेशी तिच्या ओळखीच्या जाळीवर ठेवली की ती पुन्हा बनवू लागते. जनुके तीच. बदलली ती पायाखालची जमीन.

१९८४ साली मायकेल पियर्शबाखर आणि एर्की रुओस्लाहती यांनी आणखी पुढची गोष्ट दाखवली. फायब्रोनेक्टिन नावाचे एक अवाढव्य प्रथिन आहे, त्याच्या एका साखळीत दोन हजारांहून जास्त अमिनो आम्ले असतात. पेशी त्याला चिकटते, पण नेमकी कुठे? उत्तर निघाले एवढेसे: आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल. तीन मणी. त्यांची इंग्रजी आद्याक्षरे घेऊन जग त्याला 'आरजीडी' म्हणते. हे तीन मणी असलेला चिमुकला पेप्टाइड कारखान्यात बनवून तळाला लावला तरी पेशी त्याला धरते. त्यातल्या अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या जागी त्याचा सख्खा भाऊ ग्लुटामिक आम्ल घातला, म्हणजे फक्त एका कार्बनचा दुवा वाढवला, की पेशी त्याला ओळखही दाखवत नाही.

पेशीच्या बाजूने हात पुढे करणारा जो रेणू आहे, त्याला १९८६ साली नाव मिळाले, इंटिग्रिन. तो पेशीच्या आवरणातून आरपार गेलेला असतो. डोके बाहेर, शेपूट आत. बाहेरच्या डोक्याने आरजीडी पकडला की आतल्या शेपटीशी टॅलिनसारखी प्रथिने येऊन जमतात, पेशीचा सांगाडा ताणला जातो, फोकल अ‍ॅढेजन कायनेज नावाचे विकर जागे होते आणि हातोहात निरोप केंद्रकापर्यंत जातो. पेशी कशाला धरून उभी आहे, ही बातमी अशी थेट जनुकांपर्यंत पोचते. रिचर्ड हाइन्स, रुओस्लाहती आणि टिमथी स्प्रिंगर यांना २०२२ चा लास्कर पुरस्कार याच कामासाठी मिळाला.

आता आमच्याकडे येऊ. आमचा प्रोजेक्ट म्हणजे हाच प्रश्न आतड्याच्या पेशीला विचारणे. प्लेटच्या तळाला आरजीडी पेप्टाइड लावला तर पेशीतल्या जनुकांच्या कामात फरक पडतो का?

पेशी होत्या 'काको-२'. जगभरच्या प्रयोगशाळा आतड्याचा अभ्यास हिच्यावर करतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत एका ७२ वर्षांच्या गोऱ्या रुग्णाच्या मोठ्या आतड्यातील कर्करोगातून ही पेशी वेगळी केली गेली. हिची गंमत अशी, की मूळ मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची, पण प्लेटमध्ये शेजारीण शेजारणीला टेकेपर्यंत वाढू दिली आणि पुढे तीन आठवडे नीट सांभाळली, तर ती लहान आतड्याच्या प्रौढ पेशीसारखी वागू लागते. डोक्यावर ब्रशसारखे केस काढते, साखर फोडणारे सुक्रेज-आयसोमाल्टेज बनवते. तिच्या 'जन्मा'वरून हे कोणी सांगितले असते का?

आम्ही प्लेटमधल्या अर्ध्या कप्प्यांत (लॅबमध्ये त्यांना वेल म्हणतात) आरजीडी लावला. अर्धे कप्पे कोरे ठेवले. कोरे म्हणजे कंट्रोल, तुलनेसाठी. दोन्हींत सारख्याच पेशी, तेच माध्यम, तोच ३७ अंशांचा इन्क्युबेटर. दुसऱ्या दिवशी पेशी फोडून आरएनए काढायचा आणि पीसीआर मशिनवर मोजायचे की कोणते जनुक किती बोलते आहे. आम्ही सायक्लिन-डी-वन धरले होते, पेशीला विभाजनाकडे नेणारे जनुक. मशिनवर एका चक्राचा फरक आला म्हणजे मूळ मालात दुपटीचा फरक, असा तो हिशेब.

फरक आला नाही. आरजीडीची रेघ आणि कोऱ्या कप्प्याची रेघ एकमेकींवर बसल्या. पुन्हा केले, तेच. तिसऱ्यांदा केले, तेच. सूक्ष्मदर्शकाखालीही दोन्हीकडे पेशी छान पसरलेल्या, मजेत.

तीनदा अपयश आल्यावर बोलणारे बोलले. एक सीनिअर म्हणाले, तुमचा हात बसलेला नाही. ते एक वेळ ठीक, हात बसायला वेळ लागतोच. दुसरे एक जण दारात उभे राहून तिसऱ्याला म्हणाले, "आता घ्यावंच लागतं ना प्रत्येकाला." आम्ही हूडमध्ये हात घालून बसलो होतो, त्यामुळे वळूनही पाहता आले नाही. खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हाला स्वतःबद्दलच शंका आली होती. दोघांची स्कॉलरशिप आली नव्हती, मेसचे पैसे थकले होते, आणि प्रत्येक फसलेल्या प्लेटचा खर्च आम्ही मनातल्या मनात घरच्या महिन्याच्या खर्चात मोजत होतो.

मग सीरम संपले.

सीरम म्हणजे गाईच्या भ्रूणाच्या रक्तातला पाण्यासारखा भाग. पेशींच्या माध्यमात ते दहा-वीस टक्के घालतात, त्याशिवाय पेशी नीट वाढत नाहीत. ते महाग असते. नव्या बाटलीचा कागद कुठल्यातरी टेबलावर अडकला होता. लॅबमधले मामा रोज सांगत, "आज नाही आलं." पेशी तर वाढून फ्लास्कमध्ये दाटी झालेली. फेकून देण्यापेक्षा एक दिवस बिनसीरमच्या माध्यमात प्रयोग करून बघू म्हटले. सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा फिरवून ट्रिप्सिन धुऊन काढले, पेशी कप्प्यांत सोडल्या आणि चहाला गेलो.

परत येऊन पाहिले तर आरजीडीच्या कप्प्यांत पेशी तळाला धरून पाय पसरू लागल्या होत्या. कोऱ्या कप्प्यांत बहुतेक पेशी गोल गोल, प्लेट हलवली की हलणाऱ्या. आम्ही तिघे आळीपाळीने बघत राहिलो. एकीने प्लेटवरची नावे दोनदा तपासली.

आमच्या मॅडमनी ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "सीरममध्ये काय काय असतं, वाचलंय का?" वाचले नव्हते. लायब्ररीत गेलो. सीरममध्ये फायब्रोनेक्टिन असते. व्हिट्रोनेक्टिन असते. दोघांतही आरजीडी आहे! सीरम ओतल्याबरोबर ही प्रथिने प्लास्टिकवर जाऊन बसतात आणि डोळ्यांना न दिसणारा गालिचा अंथरतात. ज्या कप्प्याला आम्ही तीन महिने 'कोरा' म्हणत होतो, तो कोरा नव्हताच. 'कसल्याही आधाराशिवाय स्वतःच्या हिमतीवर' उभ्या असलेल्या त्या पेशी आमच्या आरजीडीवाल्यांइतक्याच आधारावर उभ्या होत्या. त्यांचा आधार आमच्या वहीत लिहिलेला नव्हता, एवढाच फरक.

पुढे मॅडमनी सांगितल्याप्रमाणे कंट्रोलच्या कप्प्यांना अल्ब्युमिन लावले. पेशीला धरता येईल असे अल्ब्युमिनमध्ये काही नसते. तिथे पेशी जवळजवळ चिकटल्याच नाहीत. सायक्लिन-डी-वन आरजीडीच्या कप्प्यांत स्पष्ट वर आला. आणखी एक गोष्ट केली, ती आजही आम्हाला सर्वात जास्त आठवते. तोच पेप्टाइड तळाला न लावता नुसता माध्यमात भरपूर विरघळवला. फायब्रोनेक्टिनवर टाकलेल्या पेशींना तळ धरताच येईना. कारण इंटिग्रिनचे हात पाण्यात तरंगणाऱ्या सुट्या आरजीडींनीच भरून गेले. तीच तीन अक्षरे पायाखाली घट्ट असली की आधार, आणि हवेत तरंगत असली की आधार तोडणारी. कागदावरच्या हक्कांबद्दल बोलायचा मोह इथे होतो. तो आवरतो.

तीन आठवड्यांच्या पेशींवर सुक्रेज मोजायचे राहून गेले. वर्ष संपले. आमचे काम छापण्याच्या लायकीचे नव्हते, त्यात नवीनही फारसे नव्हते. सायक्लिन-डी-वनचे पेशीच्या आधारावर अवलंबून असणे १९९० च्या दशकातच माहीत झाले होते.

आतड्याचे खरे चित्र तर याहून सूक्ष्म आहे. आतड्याचे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होते. खोलगट भागांत मूळपेशी असतात, त्यांच्या लेकी वर सरकत सरकत बोटांसारख्या उंचवट्यांच्या टोकाला जातात आणि तिथून गळून पडतात. या वाटेवर पायाखालचे लॅमिनिन नावाचे प्रथिनही जागोजागी वेगळे असते, खाली एका प्रकारचे, वर दुसऱ्या. २०१६ साली स्वित्झर्लंडमध्ये मथियास लुटोल्फ यांच्या गटाने कृत्रिम जेलमध्ये आतड्याच्या मूळपेशी वाढवल्या. आरजीडी असलेल्या काहीशा कडक जेलमध्ये मूळपेशी तगल्या, वाढल्या, त्यात याप नावाच्या प्रथिनाचा हात होता. पण त्यांच्यापासून आतड्याच्या निरनिराळ्या प्रौढ पेशी तयार होऊन छोट्या आतड्यासारखी रचना व्हायला जेल मऊ पडावे लागले आणि लॅमिनिन असावे लागले. म्हणजे नुसते टिकून राहायला एक जमीन पुरते. फुलायला दुसरी लागते.

आणि जमीनच काढून घेतली तर? १९९४ साली फ्रिश आणि फ्रान्सिस यांनी दाखवले की अस्तराच्या पेशी आधारापासून सुटल्या की स्वतःहून मरतात. उपाशी नाही, विषाने नाही, अन्नपाणी भोवती असतानाही. त्या मरण्याला त्यांनी ग्रीक शब्दावरून नाव दिले, 'अनोइकिस'. अर्थ, बेघर होणे.

आता मूळ वादाकडे. जीन्सला काही अर्थच नाही असे आम्ही म्हणत नाही, आणि आपल्या कार्यकर्त्यांनीही म्हणू नये. विदर्भातल्या आपल्या वस्त्यांमध्ये सिकलसेल काय असतो हे आपण पाहतो. तिथे हिमोग्लोबिनच्या जनुकातला एका अक्षराचा फरक माणसाला आयुष्यभर वेदना देतो. पण एका प्रथिनाचा असा सरळ हिशेब वेगळा आणि 'बुद्धी', 'लायकी', 'मेरिट' यांचा हिशेब वेगळा. सुक्रेजसारख्या एका विकराचे जनुक चालू करायला सीडीएक्स-टू सारखी नियंत्रक प्रथिने लागतात, पेशीला शेजार लागतो, पायाखाली जमीन लागते, वेळ लागतो. एका विकराची ही गत, आणि ज्याला प्रथिनशास्त्राचे पहिले पान माहीत नाही तो होस्टेलच्या कॉटवर बसून अख्ख्या जातींच्या बुद्धीचा निकाल लावतो. याला सायन्स म्हणायचे?

बाबासाहेबांनी हा वाद १९३६ सालीच घेतला आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि परिषद रद्द झाल्यावर स्वतः छापलेले 'जातिप्रथेचे उच्चाटन' उघडा. जातीचे समर्थन वंशशुद्धीच्या शास्त्राने करणाऱ्यांना उत्तर देताना ते विल्यम बेटसन यांचा आधार घेतात, ज्यांनी आनुवंशिकीच्या शास्त्राला 'जेनेटिक्स' हे नाव दिले त्याच बेटसन यांचा. मुद्दा असा, की उच्च मानसिक गुण पिढ्यान्‌पिढ्या कुठल्या एका ठरावीक पद्धतीने उतरतात असे आनुवंशिकी सांगत नाही. आपला माणूस तेव्हाचे ताजे विज्ञान वाचून वाद घालत होता. आपण 'सायन्स' शब्द ऐकून गप्प बसतो.

त्याच पुस्तकात पुढे समतेची चर्चा येते. माणसाची ताकद तीन गोष्टींवर असते, असे ते मांडतात: शरीराचा वारसा, समाजाकडून मिळालेला वारसा म्हणजे आईवडिलांची देखभाल, शिक्षण, साठत आलेले ज्ञान, आणि तिसरी गोष्ट स्वतःचे कष्ट. आम्ही हे एम.एस्सी.च्या आधीही वाचले होते. पण दुसऱ्या गोष्टीचा अर्थ आम्हाला त्या बिनसीरमच्या प्लेटनंतर कळला. ट्यूशनचे पैसे, घरातले इंग्रजी, काकांची ओळख, वेगळी खोली, 'तुला जमणारच' असे लहानपणापासून ऐकवणारे घर, हे सगळे सीरम आहे. त्यात बुडालेल्याला ते दिसत नाही. तो प्रामाणिकपणे समजतो की मी कोरा कप्पा आहे.

पण इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट करावी लागेल, नाहीतर उद्या कोणी आमचाच लेख घेऊन भाषण ठोकेल की 'पेशींनी समता सिद्ध केली'. पेशीने तसे काही सिद्ध केलेले नाही. पेशी म्हणजे माणूस नव्हे आणि प्लेट म्हणजे समाज नव्हे. आमच्या प्रयोगातून एवढेच दिसते की जनुक एकटे काही ठरवत नाही आणि तुलना करताना कंट्रोल तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. समतेचा हक्क आपण प्रयोगशाळेकडून मागत नाही. उद्या कोणी सिद्ध केले की माणसे जन्मतःच असमान असतात, तरी वागणूक समान द्यावी लागेल, हाही मुद्दा बाबासाहेबांनी त्याच ठिकाणी मांडून ठेवला आहे. आपला हक्क काको-२ वर अवलंबून ठेवला तर उद्या एखादा नवा शोध आला की आपण पुन्हा चपला घालताना हळूच विचारत राहू.

परवाच्या रविवारी आम्ही त्या मुलाला हे सगळे सांगितले. दोन तास लागले. त्याने वहीत इंटिग्रिनचे चित्र काढून घेतले, डोके बाहेर, शेपूट आत. मग म्हणाला, "पण दादा, समोरच्याला एवढं ऐकायला वेळ कुठे असतो? तो दोन वाक्यांत बोलतो." त्याचे म्हणणे बरोबर आहे, आणि आमच्याकडे दोन वाक्यांचे उत्तर अजून नाही. ताई म्हणाली, आधी तू त्याला विचार की त्याने हे कुठे वाचले. तिथून सुरुवात कर.

येत्या रविवारी वर्गात 'जातिप्रथेचे उच्चाटन'मधला वंशशुद्धीवरचा भाग आणि समतेवरचा भाग असे दोन्ही वाचणार आहोत. बारावी सायन्सच्या मुलामुलींनी आपले जीवशास्त्राचे पुस्तकही बरोबर आणावे, प्रथिनांचा धडा त्यातूनच घेऊ. ज्यांच्याकडे प्रत नाही त्यांनी शेजाऱ्याच्या प्रतीत पाहावे, पण यावे.

जय भीम.